साडी दिली, शेत ठेवलं

आमच्या गावच्या पारावर अजून दोन पिक्चरांवरनं वाद होतो. एक 'माहेरची साडी' आणि दुसरा 'सैराट'. पहिल्याचं नाव निघालं की जुनी माणसं म्हणतात, "तसला पिक्चर परत व्हनार न्हाई. काय त्ये संस्कार!" दुसऱ्याचं नाव निघालं की तीच माणसं तोंड वाकडं करतात. "त्या पिक्चरनं पोरींची डोस्की फिरवली. निघालाच नसता तर बरं झालं असतं." हे ऐकत मी पन्नाशीला टेकलो. इतकी वर्षं मान हलवत बसलो. आता हलवणार नाही. आम्ही नेमकं उलटं बोलतोय, आणि ते उलटं का बोलतोय हेही आम्हाला ठाऊक आहे.

आमचं गाव खटाव तालुक्यात, येरळेच्या काठाला. येरळा म्हणजे पाणी कमी आणि वाळू जास्त. ती तशीच खाली सांगली जिल्ह्यात उतरते आणि ब्रम्हनाळला कृष्णेला मिळते. आमच्याकडच्या लेकीही त्याच वाटेनं खाली जायच्या. दुष्काळी गावातली पोरगी बागायतीत द्यायची, म्हणजे निदान तिच्या डोक्यावरची घागर तरी उतरंल, असा बापांचा हिशोब. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, तासगावच्या बाजूला दिली. द्राक्षबागेचं घर. डोक्यावरची घागर उतरली, पण तिच्या जागी काय चढलं ते पुढं सांगतो.

सिनेमा आम्हाला आधी भेटला तो जत्रेत. मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरली की तंबू लागायचे. अंधार पडल्याशिवाय खेळ सुरू व्हायचा नाही. घरनं आणलेली पोती अंथरायची, मधोमध दोरी, एका अंगाला बाया आणि एका अंगाला बाप्ये. रीळ तुटलं की शिट्ट्या. 'जय संतोषी माँ' लागला तेव्हा बाया तंबूच्या दारात चपला काढून आत शिरल्या होत्या, असं आई सांगायची. आणि नीळू फुले पडद्यावर आले की दोरीच्या पलीकडनं शिव्यांचा पाऊस. आमच्या आजीनं तर एकदा खालचं ढेकूळ उचलून पडद्याकडं भिरकावलं होतं. "मुडद्या, तुला माती खाऊन मरण यील!"

घरी येताना आजी खूश असायची. आता कळतं, का खूश असायची. वाईटपणा सगळा त्या एका माणसाच्या धोतरात, टोपीत आणि त्या बेरकी हसण्यात कोंबलेला असायचा. पडद्यावरचा पाटील वाईट, म्हणजे आपल्या गावचा बरा. पडद्यावरची सासू वाईट, म्हणजे आपल्या घरची बरी. बैलगाडीत बसून परतताना सगळ्यांना आपापलं घर देवळासारखं वाटायचं.

त्याच नीळू फुल्यांनी 'सामना'त साखर कारखान्याचा हिंदुराव धोंडे पाटील उभा केला. 1975 च्या सुमाराचा पिक्चर, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांनी काढलेला. समोर साताऱ्यात जन्मलेले श्रीराम लागू, दारुडा मास्तर होऊन एकच प्रश्न विचारत फिरतात, की गावातला एक माणूस नाहीसा झाला, त्याचं काय झालं? सातारा-सांगली म्हणजे कारखान्यांचा मुलूख. हा पिक्चर आमच्याकडं घरोघर बोलला जायला हवा होता. पण आमच्या पारावर त्याचं नाव कधी निघालेलं मला आठवत नाही. 'पिंजरा'तली गाणी पाठ, 'सामना'तला प्रश्न कुणाला पाठ नाही. 'पिंजरा'त मास्तर बिघडतो तो तमासगिरिणीच्या पायी, असं आम्ही समजून घेतलं. बाई बाहेरची होती, मग आमचं काय गेलं? 'सामना'त मात्र बोट आमच्या कारखान्याच्या गेटाकडं होतं.

आता 'माहेरची साडी'.

विजय कोंडक्यांचा हा पिक्चर 1991 सालचा. आमच्या तालुक्याच्या थेटरात आला तेव्हा मी दहावीत होतो. दिवाळी होती. ट्रॉलीत कडब्याच्या पेंढ्या टाकल्या, वर वाकळा अंथरल्या आणि तीस-पस्तीस बाया त्यात दाटीवाटीनं बसल्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तान्ही पोरं, सगळं बरोबर. राखणीला म्हणून आम्ही चार पोरं. आजूबाजूच्या गावांतनंही अशाच ट्रॉल्या आलेल्या. थेटरासमोर बाजार भरावा तशी गर्दी.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. बापानं पांढऱ्या पायाची म्हणून झिडकारलेली लक्ष्मी सासरी जाते, तिथं सोसते, सोसतच राहते, आणि शेवटी तिचं मरण. मग सगळ्यांना तिची किंमत कळते. अलका कुबल रडल्या की थेटर रडायचं. उषा नाडकर्णींची सासू पडद्यावर आली की बाया कडाकडा बोटं मोडायच्या. नावातच सगळं आलं होतं. सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडते, ही आमच्याकडची रीत. जिवंतपणी माहेरनं काय दिलं हे कुणी विचारत नाही. मेल्यावरची साडी मात्र चुकत नाही.

अक्का माझ्याशेजारी बसली होती. ती दिवाळीला आली होती आणि परत जायचं नाव काढत नव्हती. सासरी बोअर मारायचा होता. "बापाकडनं पैसं आन, न्हाईतर येऊ नगंस," असं सांगून तिला धाडली होती. भाऊबीजेला ओवाळताना तिच्या चोळीची बाही जरा वर सरकली, तेव्हा दंडावर भाजल्याचा डाग मी बघितला. ताटातल्या निरांजनापलीकडनं आबांनीही बघितला. कुणीच काही बोललं नाही. पिक्चर बघताना ती सुरुवातीला दगडासारखी बसून होती. मग मध्यंतरानंतर कधीतरी तिनं माझं मनगट धरलं, ते पिक्चर संपेपर्यंत सोडलं नाही.

त्या रात्री घरी आल्यावर ती आईला म्हणाली, "म्या जात न्हाई आता परत."

आबा ओट्यावर बसले होते. तिथनंच बोलले, "आत्ताच बगून आलीस न्हवं? त्या लक्ष्मीनं केवढं सोसलं! तुजं त्येच्यापरीस काय मोठं हाय? सोसंल त्येचंच घर हुभं ऱ्हातंय."

आबांनी तो पिक्चर पाहिलेलाही नव्हता. ऐकीव गोष्टीवर त्यांनी निकाल दिला. आणि आई? लक्ष्मीसाठी तीन तास रडून जिचे डोळे सुजले होते, ती पोटच्या पोरीसाठी एक शब्द बोलली नाही. चुलीतली लाकडं आत सारत राहिली. तिसऱ्या दिवशी मी अक्काला सोडायला गेलो. तीन एस्ट्या बदलल्या. वाटेत ती एकदाही रडली नाही.

म्हणून सांगतो, 'माहेरची साडी' हा संस्काराचा पिक्चर, असं माझ्यासमोर म्हणू नका. त्या पिक्चरला आमच्या घरानं दाखल्यासारखं वापरलं. कोर्टात जुना निकाल दाखवतात तसं. किती घरांत तसा वापरला गेला असेल याची मोजदाद कुणी केली नाही, करणारही नाही. पण त्या ट्रॉलीतल्या निम्म्या बाया ज्या घरी परतल्या ती घरं मला ठाऊक आहेत.

कुणी म्हणेल, तेव्हा दुसरा इलाज काय होता? होता की. बायकोच्या छळाविरुद्धचं 498-अ कलम 1983 सालीच आलं होतं. पिक्चरच्या आठ वर्षं आधी. आणि कायद्याचं सोडा, आमच्याच मातीत बघा. 1942 नंतर येडेमच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच सातारा-सांगलीत उभं राहिलं, तेव्हा हे दोन्ही मिळून एकच सातारा जिल्हा होता. त्या काळात गांधी लग्नं लागली, हुंड्यापांड्याशिवाय, एका हारात. गावोगावच्या न्यायमंडळांनी गावगुंडांना सरळ केलं. त्याच चळवळीतल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर पुढं ऐंशीच्या दशकात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतनं नवऱ्यानं टाकलेल्या बायकांसाठी उभ्या राहिल्या. त्या बायकांना 'टाकलेली' ऐवजी 'परित्यक्ता' म्हणा आणि त्यांचा हक्क द्या, असं सांगत त्या सांगली जिल्ह्यातली खेडी फिरल्या. तासगाव आणि कासेगाव ही काही दोन टोकं नव्हेत, जिल्हा एकच. शेतकरी संघटनेची 'लक्ष्मीमुक्ती'ही त्याच सुमाराची. बायकोच्या नावानं जमीन करा, असं शरद जोशी गावोगाव सांगत होते. म्हणजे एकाच काळात दोन लक्ष्म्या आमच्या दारात आल्या होत्या. एकीच्या हातात सातबारा होता, दुसरीच्या अंगावर शेवटची साडी. आम्ही ट्रॉली भरून कुणाकडं गेलो, ते सांगितलंच.

आता शहरातल्या शहाण्यांविषयी. ते या पिक्चरला हसतात. रडका पिक्चर, बाया बादल्या भरून रडायच्या, अशी चेष्टा करतात. त्यांचंही मला पटत नाही. ज्यांना रडायला स्वतःची खोली आहे, दाराला आतनं कडी आहे, त्यांनी हसावं. आमच्या बायांना रडायची जागा नव्हती. माहेरी रडलं तर बापाला घोर, सासरी रडलं तर मार. थेटरात अंधार होता, तिकीट काढलेलं होतं आणि निमित्त दुसरीचं होतं. त्या बाया पिक्चरला भुलल्या नव्हत्या. त्या आपापल्या दुःखाला भेटायला गेल्या होत्या. मूळ गोष्ट तर राजस्थानीतनं आलेली, 'बाई चाली सासरिये' नावाच्या पिक्चरवरनं. पुढं तीच हिंदीतही गेली. तिन्ही मुलखांत बायांचं रडं एकच निघालं, याचं हसू कसं येतं?

माझं भांडण बायांच्या रडण्याशी नाहीच. माझं भांडण त्या रडण्यावर आम्ही पुरुषांनी जो धंदा केला त्याच्याशी आहे. थेटरवाल्यांचा धंदा तिकिटाचा होता, तो कधीच संपला. आमचा जमिनीचा, तो अजून चालू आहे.

बापाच्या वाट्यात लेकीचा हिस्सा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. 1994 साली महाराष्ट्रानं वडिलोपार्जित जमिनीतही मुलींना मुलांच्या बरोबरीनं बसवलं, आधी लग्न होऊन गेलेल्यांना तेवढं वगळून. 2005 साली केंद्रानं तो हक्क देशभर दिला. कायदा असा पायरी-पायरीनं वर चढत गेला, आणि आम्ही प्रत्येक पायरीवर एक कागद घेऊन उभे राहिलो. हक्कसोडपत्र.

आबा 1999 साली गेले. वारसनोंदीला अक्काचं नाव लागलं. पावण्यारावळ्यांत लगेच कुजबुज सुरू झाली, बहिणीचं नाव कमी करून घ्या म्हणून. मी तिला निरोप धाडला. ती आली. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बाकावर बसली. कागदात लिहिलं होतं, मी माझा हक्क स्वखुशीनं, कुणाच्याही दबावाशिवाय सोडत आहे. कारकुनानं ते वाचून दाखवलं. तिनं सही केली, एकेक अक्षर दाबून. सहीनंतर मी तिला पेठेत नेलं आणि साडी घेतली. चारशे-साडेचारशेची असेल. दुकानदार म्हणाला, "भाऊ असावा तर असा." मला बरं वाटलं होतं. हे लिहिताना लाज वाटतेय, पण तेव्हा बरं वाटलं होतं, हे खरं आहे.

माहेरची साडी ती हीच. अडीच एकराच्या बदल्यात साडेचारशेची साडी, आणि वर चांगुलपणाचा शिक्का. एवढा स्वस्त सौदा आमच्या बाजार समितीतही होत नाही. तो पिक्चर आम्हाला का आवडतो, याचं उत्तर मला त्या दुकानात मिळायला हवं होतं. लक्ष्मी पिक्चरभर काही मागत नाही. न मागणारी लेक, न मागणारी बहीण, आमच्या सातबाऱ्याला सोयीची.

आणि 'सैराट'? 29 एप्रिल 2016 ला लागला. पहिल्याच आठवड्यात गावातल्या पोरांबरोबर मीही गेलो. गाणी लागली की पोरं खुर्च्यांवर चढून नाचत होती, शर्ट काढून फिरवत होती. मग शेवट आला. आर्चीच्या दारात तिचा भाऊ येतो. हातात आईनं धाडलेल्या वस्तू. माहेरचं बोचकं! ती हरखून चहा ठेवते. पुढचं सांगत नाही, सगळ्यांनी बघितलंय. ते लहान पोर रस्त्यावर येतं तेव्हा आवाज बंद होतो, आणि आमच्या थेटरातही कुणाचा श्वास ऐकू येत नव्हता. मघाशी नाचलेली पोरं खाली मान घालून बाहेर पडली.

बाहेर चहाच्या गाड्यावर एकजण म्हणाला, "बाकी पिक्चर झ्याक हाय. शेवट तेवढा नगं व्हता दावाय."

हे वाक्य मी त्यानंतर पुष्कळदा ऐकलं. कुणी म्हणालं नाही की असं होत नाही. दाखवायला नको होतं, एवढंच. नागराज मंजुळेंनी आमच्यावर पोरी बिघडवल्याचा आरोप ओढवून घेतला, कारण त्यांनी भाऊ दाखवला. आणि तेही पहिल्यांदा नव्हे. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी 'आवडी' कादंबरीत हेच लिहून ठेवलंय. जातीबाहेर संसार मांडलेल्या बहिणीचा जीव भाऊच घेतो. तिच्यावर 1969 साली 'टिळा लाविते मी रक्ताचा' हा पिक्चरही निघाला. म्हणजे 'सैराट'च्या सत्तेचाळीस वर्षं आधी. मग पोरींची डोकी कुणी फिरवली म्हणायची? आणि पोरींचं राहू द्या, भावांची कुणी फिरवली?

'सैराट' बघून पोरी पळाल्या म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे. 'माहेरची साडी' बघून ज्या परत गेल्या, त्यांची यादी कुठं आहे? पळालेली पोरगी गावाला दिसते. बोभाटा होतो, बैठक बसते, पोलिसात मिसिंग दाखल होते. परत गेलेली दिसत नाही. ती एस्टीच्या खिडकीत बसून गुपचूप जाते.

दोन वर्षांमागं अक्का आली होती. दुपारी टीव्हीवर 'माहेरची साडी' लागला. ती मेथी निवडत होती. तिनं एकदा वर बघितलं आणि परत मेथीत हात घातला. माझ्या पोटात कालवलं. मी म्हणालो, "अक्का, तुला हा पिक्चर दावायलाच नको होता. माझी चूक झाली."

ती म्हणाली, "पिक्चरला कशाला नावं ठिवतोस, बाळा? तीन तास पोटभर रडाय मिळालं. सासरी त्ये बी मिळत न्हवतं. पिक्चर संपल्यावर मला एस्टीत कुनी बसवलं, त्ये सांग की."

मग जुडी संपवून उठली. आत जाऊन भाजी टाकली. तिची सासू कधीच वारली. अक्का आता स्वतः सासू आहे आणि तिच्या सुनेवर हात उगारायची तिच्या लेकाची टाप नाही. हे ती कुठल्या पिक्चरातनं शिकली नाही.

त्या दिवसापासून मी पिक्चरला दोष देणं बंद केलं. 'माहेरची साडी'लाही आणि 'सैराट'लाही. पिक्चर बिघडवतो आणि पिक्चर घडवतो, या दोन्ही आमच्या पळवाटा आहेत. आम्हाला पाठीवर हात ठेवणारा पिक्चर संस्काराचा वाटतो आणि कॉलर धरणारा पिक्चर वाईट वाटतो. बास, एवढंच आहे ते. संस्काराबिंस्काराचा तिथं काही संबंध नाही.

परवा पारावर पुन्हा तोच विषय निघाला. एक म्हातारा म्हणाला, "आताच्या पोरी हिस्सं मागाय लागल्यात. पिक्चरनं बिगडल्या." मी विचारलं, "इथं बसलेल्यांपैकी कुणी बहिणीच्या नावानं चार गुंठे तरी केल्यात का?" क्षणभर शांत. मग सगळे एकदम जिहे-कठापूरच्या पाण्यावर बोलायला लागले. पाणी आमच्या भागात आल्यापासून जमिनीचा भाव कसा वाढलाय, यावर. एकजण तेवढा वळून म्हणाला, "तू केल्यास का?"

नाही केलेत. वकिलाकडनं बक्षीसपत्राचा मसुदा करून आणलाय, सव्वा एकराचा. तो आठ महिने कपाटात आहे. पोरं म्हणतात, "आत्तीला या वयात जमीन कशाला?" पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही हेच म्हणत होतो, फक्त तेव्हा म्हणालो होतो, एवढ्या तरुणपणी कशाला, तिला सासरी काय कमी आहे? पोरांना उत्तर द्यायला जीभ उचलत नाही, कारण त्यांना हे मीच शिकवलंय.

अक्काला वाचता येतं, अडखळत का होईना. हे छापून आलं की तिच्या हातात देणार आहे. येत्या भाऊबीजेच्या आत कचेरीत जायचं. तोवर माझी सही झाली नसेल, तर तिनं हे पान सगळ्या गावासमोर वाचून दाखवावं.